काटकोनातली गोधडी

चंद्रमौळी भावोजींनी पाच वर्षं एक गोधडी शिवली आणि ती पुरी झाली नाही. त्याच पाच वर्षांत माझ्या बहिणीनं किती गोधड्या शिवून वाटल्या ते कुणालाच सांगता येणार नाही. अक्काची एक झाली की ती दुसरी पसरते, आणि पहिली कुणाकडे गेली ते तिला आठवत नाही. नवरा-बायको एकाच घरात राहतात, कुंभकोणम्‌ला, चक्रपाणीच्या देवळामागच्या गल्लीत, माझ्या घरापासून चौथ्या दारी.

मी सरोजा, मीनाक्षीअक्काची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. तालुका कचेरीत टंकलेखिका म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडले, त्यामुळे माणसं न्याहाळायला मला भरपूर वेळ मिळाला. भावोजींना मी चाळीस वर्षं ओळखते. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारी माणसं गावात पुष्कळ आहेत. ज्याला चांगलं ऐकायचं आहे त्यानं त्यांच्याकडे जावं.

इथल्या एका खासगी पॉलिटेक्निकात ते ड्रॉइंग शिकवायचे. चौतीस वर्षं शिकवलं. पेन्सिलीची रेघ केसभर जाड झाली की कागद परत. एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला फिकी झाली की कागद परत. पोरं त्यांना पाठीमागे ‘स्केल सार’ म्हणत. हे भावोजींच्या कानावर आलं होतं आणि त्यांना तो आपला गौरव वाटायचा.

घरातही तोच खाक्या. दोरीवरच्या धोतराची दोन्ही टोकं सारखी लोंबली पाहिजेत. इडल्या एका आकाराच्या पाहिजेत. अक्का सकाळी दारात कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, घालायची तेव्हा हे कॉफीचा पेला घेऊन मागे उभे. ती ओणवी, हे ताठ. “तिसऱ्या ओळीतला चौथा ठिपका सरकला,” एवढंच म्हणायचे, आवाज न चढवता. अक्का तो ठिपका पुसायची, पुन्हा घालायची. काही वर्षांनी तिनं ठिपक्यांचे कोलम सोडूनच दिले. दारात दोन रेघा ओढायची आणि आत यायची. रेघेत चूक काढायला जागा कमी असते, पण भावोजींना तीही सापडायची.

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने त्यांनी घर सुधारलं. भिंतीवरच्या तसबिरी पाणसळ लावून सरळ केल्या. डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे अक्काला दोन आठवडे धने सापडेनात. मग सुधारायला काही उरलं नाही, आणि त्यांची नजर गोधडीवर पडली.

गोधडी आमच्या घरात अम्माकडून आली. जुन्या सुती नऊवारी साड्या चार पदरी अंथरायच्या आणि काठापासून आत आत धावदोरा घालत जायचं, झालं. अक्का दुपारी पाय पसरून बसते, समोर टीव्हीवर मालिका चालू असते, आणि हात आपोआप चालतो. डोळे बहुधा टीव्हीकडे. टाके भरकटतात हे खरं आहे. पण आमच्या इथल्या मराठी लोकांत गेल्या तीस वर्षांत जेवढी मुलं जन्मली त्यांतली निम्मी तरी अक्काच्या गोधडीवर मुतलीत. एकाही मुलानं तक्रार केलेली नाही.

त्या दुपारी मी तिथंच होते. अक्कानं दातानं दोरा तोडून एक गोधडी बाजूला ठेवली होती. भावोजींनी कपाटातून स्टीलची पट्टी काढली, गुडघे टेकले आणि चारी बाजू मोजल्या.

“मीनाक्षी, ही बाजू त्या बाजूपेक्षा अडीच इंच जास्त आहे.”

“पाय तिकडं करावेत,” अक्का म्हणाली.

“आणि टाके बघ. हा पाव इंच, हा अर्धा. ही शिवण आहे की मुंग्यांची रांग?”

“मुंग्या सरळ जातात,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तेच सांगतोय मी.”

अक्का कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली, “तुम्हीच एक शिवून दाखवा की. बघून शिकेन.” हा टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. अक्काचा चेहरा वाचता येत नाही. भावोजींनी ते विनंती म्हणून घेतलं. बायको अडाणी राहिली, हिला शिकवणं आपलं काम आहे, असा चेहरा करून ते उठले आणि दुसऱ्या दिवशी आलेखाच्या कागदांची गुंडाळी घेऊन आले.

पहिले आठ महिने सुई हातात धरली नाही. आधी आराखडा. सोळा चांदण्या, प्रत्येक आठ टोकांची, प्रत्येकीत बत्तीस तुकडे. पाचशे बारा तुकडे आणि भोवती दुहेरी किनार. सगळं शाईनं काढलेलं. एका कागदावर वरून दिसणारी गोधडी, दुसऱ्यावर तिचा उभा छेद: वरचं कापड, मधला कापूस, खालचं अस्तर, बाणांनी नावं लिहिलेली. गोधडीचा उभा छेद मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. शेवटचाही असेल.

जुन्या साड्या त्यांना चालेनात. “चिंध्यांत नेमकेपणा येत नाही,” म्हणाले. मग बसनं तिरुभुवनम्‌च्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथल्या एका दुकानात रेशमी थानांचे शेवटचे तुकडे आणि विणताना डाग पडलेलं कापड मिळायचं. हे दारातच बसून एकेक तुकडा उन्हात धरून बघायचे. वांग्याच्या एका रंगासाठी अकरा वेळा गेले. रेशमाची, कापूस भरलेली गोधडी, आणि ती कुंभकोणम्‌मध्ये. मार्गळीतले, थंडीचे वीस दिवस सोडले तर इथं माणसाला अंगावर पंचाही सोसत नाही.

तुकडे कापायला आधी पुठ्ठ्याचे नमुने केले. पुठ्ठ्याची टोकं झिजतात म्हणून ते बाद. मग हे नाचियार्कोविल्‌ला गेले आणि समया करणाऱ्या एका कारागिराकडून पितळेचे दोन नमुने घडवून आणले, एक चौकोन आणि एक शंकरपाळ्याच्या आकाराचा. कारागिरानं विचारलं, हे कुठल्या यंत्राचे भाग. हे म्हणाले, गोधडीचे. तो बिचारा म्हणाला, “सार, एवढ्या पितळेत एक लहान समई झाली असती.” भावोजींनी घरी येऊन हे आम्हाला सांगितलं, लोकांना अचूकपणाची किंमत कशी नसते याचा दाखला म्हणून.

मग शिवण सुरू झाली. इंचाला दहा टाके. एक शिवण झाली की खिडकीशी न्यायची, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, भिंगातून बघायची. अर्धा धागा इकडे-तिकडे दिसला की उसवायची. त्यासाठी दोन दातांचं एक लहानसं हत्यार त्यांनी मागवलं होतं आणि ते शर्टाच्या खिशात पेनसारखं लावून फिरायचे. दिवसभरात जेवढं शिवत त्यापेक्षा जास्त उसवत. काही आठवडे असे गेले की सोमवारपेक्षा शनिवारी गोधडी लहान असायची.

दिवाणखाना गोधडीनं घेतला. झोपाळा काढून माळ्यावर टाकला, कारण तो हलतो. पंखा बंद, कारण तुकडे उडतात. चित्रै महिन्यात, भर उन्हाळ्यात, कुंभकोणम्‌मध्ये, पंखा बंद. आल्यागेल्याला मागच्या दारानं स्वयंपाकघरात नेऊन बसवायचं. अक्का आपली जुनी साडी घेऊन चुलीपाशी भिंतीला टेकून शिवायला लागली, मालिका नुसती कानानं ऐकत. नवरात्रातला बाहुल्यांचा कोलू तीन वर्षं माझ्या घरी मांडावा लागला. माझ्याकडे पायऱ्या लावायला जागा आहे, पण ती माझी जागा आहे.

एकदा ते अंघोळीला गेले असताना अक्कानं नवव्या चांदणीवर चार टाके घातले. का घातले कुणास ठाऊक. हात शिवशिवले असतील. भावोजींना ते दहा मिनिटांत सापडले. ते रागावले नाहीत. तिला हाक मारून शेजारी बसवलं, हातात भिंग दिलं, चारी टाके एकेक करून दाखवले, आणि तिच्यासमोर उसवले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला निदान नंतर लाज वाटू शकते.

ही गोधडी नातवंडासाठी आहे असं त्याच्या बरंच आधी जाहीर झालं होतं. त्यांची मुलगी कीर्ति कोइमतूरला बँकेत असते. तिला मार्गळीत मुलगी झाली, नंदिता. तेव्हा दीड चांदणी तयार होती. भावोजी म्हणाले, चालायला लागेपर्यंत होईल. नंदिता चालायला लागली. बोलायला लागेपर्यंत होईल. ती तमिळमध्ये बोलायला लागली, मग मराठीतही. मधे कोरोना आला, गल्लीत दोन माणसं गेली, आणि भावोजींचा तो सगळ्यात सुखाचा काळ होता, कारण घरी कुणी येईना. नंदिता बालवाडीत जायला लागली तेव्हा कीर्तिनं फोनवर विचारलं, “अप्पा, तिच्या लग्नापर्यंत तरी होईल का?”

भावोजींना थट्टा कळत नाही. ते शांतपणे म्हणाले, “घाई केली की काय होतं ते तुझ्या आईच्या कामात बघ.”

अक्का तेव्हा शेजारीच उभी होती. फोन स्पीकरवर होता.

पाचव्या वर्षी, पोंगल जवळ आला होता तेव्हा, श्रीविद्या नावाच्या एक बाई आल्या. आपल्याच लोकांतल्या, पण चेन्नईला राहतात. नवरा मोठ्या हुद्द्यावर, आणि बाई समाजातल्या बायकांच्या हस्तकला जगापुढे आणतात. पोंगल झाल्यावर इथल्या एका मंगल कार्यालयात तीन दिवसांचं प्रदर्शन भरवायचं होतं. खरं म्हणजे त्या अक्काच्या गोधड्या बघायला आल्या होत्या. पण दिवाणखान्यात पसरलेलं रेशीम पाहिलं आणि दारातच छातीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“सार, हे तर म्युझियमचं काम आहे.”

“अजून पुरी नाही,” भावोजी म्हणाले.

सोळाही चांदण्या जोडून झाल्या होत्या, कापूस आणि अस्तर लागलं होतं, किनारही होती. पण तीन कोपरे काटकोनात होते आणि चौथा दीड मिलिमीटरनं चुकत होता.

“हे कुणाला दिसणार?” बाईंनी विचारलं.

“मला.”

बाईंना हे उत्तर फार आवडलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. अक्काच्या दोन गोधड्याही त्यांनी बरोबर नेल्या, न बघता.

प्रदर्शनाला तीन आठवडे होते. भावोजींनी चौथ्या कोपऱ्याची आख्खी बाजू उसवली, सातव्यांदा. मग म्हणे तो दोष आतून येतोय, म्हणून वरून दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेमधली लांब शिवणही उसवली. ती कितव्यांदा ते त्यांनाही आठवत नव्हतं. मी सकाळी गेले तेव्हा त्यांनी ती कड खिडकीत उजेडावर धरली होती. कडेनं बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसत होते, ओळीनं, एकाखाली एक.

“भावोजी, कापडाची चाळण झालीय.”

“ती सुईची भोकं आहेत. शिवलं की दोरा भरतो.”

रेशमाचं तसं नसतं. सुती कापडात सुई गेली तर धुतल्यावर ते मिटतं, रेशमात पडलेलं भोक तसंच राहतं. हे मला ठाऊक होतं, अक्काला ठाऊक होतं, आणि तिरुभुवनम्‌च्या दुकानदारानं यांना पहिल्याच फेरीत सांगितलं असणार. पण शिवणारी माणसं काय सांगतात ते ऐकण्यासाठी यांनी शिवायला घेतलंच नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी गोधडी ऑटोरिक्षातून नेली. रेशमाला धूळ लागू नये म्हणून ती अक्काच्या एका जुन्या गोधडीत गुंडाळली होती. कार्यालयात गेलो तर अक्काच्या दुसऱ्या दोन गोधड्या जमिनीवर पसरलेल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून म्हाताऱ्या बायकांना त्यांवर बसवलं होतं. अक्काला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तीही जाऊन त्यांच्यात बसली.

भावोजींची गोधडी मात्र मंचाच्या बाजूला, सात फुटांवर, आडव्या दांडीला चिमट्यांनी टांगली. ती कशी टांगायची यावर तासभर गेला. दांडी समपातळीत आहे का ते बघायला यांनी घरून पाणसळ आणली होती. टांगल्यावर लोक जमले. गोधडी सुंदर दिसत होती, हे मी कबूल करते. फोटो निघाले. श्रीविद्याबाई ध्वनिक्षेपक घेऊन आमच्या पूर्वजांनी तंजावरला काय काय आणलं ते सांगायला लागल्या.

अकराच्या सुमारास बारीक आवाज झाला. कुणीतरी मुरुक्कूची, म्हणजे चकलीची, पुडी फोडावी तसा. मी वर पाहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेमधल्या शिवणीत बोटभर कापूस दिसत होता. कुणी हात लावला नव्हता, वाराही नव्हता. कापसाचा भार खाली ओढत होता आणि ज्या कडेला दोरा धरायचा होता तिथं धरायला कापडच उरलं नव्हतं. मग ती शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सुटत गेली, चांदणीमागून चांदणी. रेशीम फाटतं तेव्हा आवाज मोठा होतो. खालचा भाग जमिनीवर बसला आणि वरच्या दोन रांगा दांडीला राहिल्या.

भावोजी हात मागे बांधून उभे होते, वर्गात उभे राहायचे तसे. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. पाच वर्षं मी याची वाट पाहत होते असं म्हटलं तरी चालेल.

श्रीविद्याबाई हुशार. त्यांनी ध्वनिक्षेपक खाली ठेवला नाही. “बघा,” त्या म्हणाल्या, “अपूर्णतेतच खरं सौंदर्य असतं. आपण परिपूर्णतेचा हट्ट सोडायला शिकलं पाहिजे. ही गोधडी आपण अशीच ठेवणार आहोत. फाटण्यालाही एक कहाणी असते.” काही बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या स्वतःच्या साडीच्या निऱ्या बघितल्या मी. एकीतही अपूर्णता नव्हती.

भावोजी त्यांच्याकडे वळले. “बाई, ही फाटलीय.”

“तेच तर सार, ते फाटणं...”

“शिवण चुकली. उसवून उसवून मी कापड मारलं. यात सौंदर्य काय दिसतं तुम्हाला? बाजूला व्हा, मला गोळा करू द्या.”

चाळीस वर्षांत मला भावोजींचं म्हणणं पटलं असं हे पहिल्यांदाच झालं.

अक्का उठली. दोघांनी मिळून चिमटे काढले, फाटलेली गोधडी त्या जुन्या गोधडीत गुंडाळली आणि ऑटोतून घरी आणली.

त्यानंतर अकरा दिवस भावोजी दाराबाहेरच्या ओट्यावर बसून होते. पेपर वाचेनात. दारातल्या कोलमकडे बघेनात. कीर्तिचा फोन आला तर हं हं करून परत द्यायचे. गल्लीतली माणसं मला म्हणाली, तू जाऊन दोन शब्द बोल, तुझं ते ऐकतात. मी गेले नाही. का गेले नाही ते सांगते.

एकवीस वर्षांपूर्वी अम्माचं खुब्याचं हाड मोडलं. तिला तंजावरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. तिथली चादर टोचते म्हणाली. अक्कानं चार दिवसांत तिच्यासाठी गोधडी शिवली, तिच्याच साड्यांची, आणि पिशवीत भरून निघाली. भावोजींनी दारात ती उघडून पाहिली. “ही दवाखान्यात नेणार? डॉक्टर बघतील. शिक्षकाच्या घरचं काम असं असतं म्हणतील. निदान कड तरी सरळ करून ने.” अक्का परत आत गेली. कड उसवून पुन्हा घालायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अम्मा गेली, त्या टोचणाऱ्या चादरीवर.

अक्का यावर कधी एक शब्द बोलली नाही. ती बोलत नाही म्हणून मीही बोलत नाही. पण विसरायला मी काही अक्का नाही.

बाराव्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे अवरेच्या, वालाच्या शेंगा सोलत बसले होते. अक्कानं ती फाटकी गोधडी आणून दिवाणखान्याच्या मधोमध पसरली आणि कात्री घेतली.

“याचं काय करायचं?” तिनं दाराकडे तोंड करून विचारलं.

“फेकून दे,” ओट्यावरून आवाज आला.

“रेशीम आहे,” अक्का म्हणाली, आणि कापायला लागली. कात्रीचा आवाज ऐकून भावोजी आत आले.

“काय करतेस?”

“कडा कुजल्यात, तेवढ्या काढते. मधलं बरं आहे. खाली सुती साडी घालते, वरून धावदोरा. धरेल.”

ते उभे राहिले. मग खाली बसले. “मी घालतो,” म्हणाले, आणि हात पट्टीकडे गेला.

“पट्टी नको,” अक्का म्हणाली. “पट्टी लावलीत तर दोरा पुन्हा जुन्या भोकांतून जाईल, आणि तिथंच फाटेल. जिथं भोक नाही तिथं घाला. वाकडा घाला.”

“वाकडा म्हणजे किती वाकडा?”

मला हसू आवरेना. अक्का हसली नाही. “हाताला येईल तेवढा,” म्हणाली.

त्यांना जमेना. चौतीस वर्षांची सवय, हात आपोआप सरळ जायचा आणि सुईखाली कापड कुरकुरून फाटायचं. तीनदा तसं झालं. तिसऱ्यांदा खिशातलं ते दोन दातांचं हत्यार काढलं, टाक्याला लावलं, आणि तसंच धरून बसले. “उसवलंत तर आणखी एक भोक,” अक्का आपलं शिवता शिवता म्हणाली. त्यांनी ते हत्यार बाजूला ठेवलं. मग चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना हातातलंही दिसत नाही. अंदाजानं सुई खालून वर, वरून खाली. कपाळावरून घाम गळत होता. पंखा चालू होता तरी.

तासाभरात वीतभर शिवण झाली. काय शिवण होती ती. दारुड्यानं काढलेल्या रेघेसारखी.

“कसं आहे?” त्यांनी अक्काला विचारलं. हा प्रश्न त्यांच्या तोंडून तिला मी कधी ऐकला नव्हता.

अक्कानं ते बोटांत धरून दोन्ही बाजूंनी ओढून पाहिलं. “धरलंय,” म्हणाली, आणि दोरा ओवायला घेतला.

मला वाटलं आता काहीतरी बोलतील. चुकलं म्हणतील, अम्माचं नाव काढतील. माझ्या शेंगा सोलून झाल्या, टरफलंही गोळा करून झाली, तरी मी उठले नाही. काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी अजून वाट बघते.

पंगुनी महिन्यात, उन्हाळ्याच्या तोंडावर, ती गोधडी, म्हणजे तिचं जे काय उरलं होतं ते, कोइमतूरला गेली. कीर्तिनं ती वॉशिंग मशिनमध्ये घातली. वांग्याचा रंग पिवळ्यात उतरला. तिनं महिनाभर लपवलं, पण नंदितानं व्हिडिओवर तीच फरफटत आणून दाखवली. भावोजींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन तो डाग पाहिला.

“अंगावर घेतेस का?” त्यांनी विचारलं.

“नाही. खाली घालते. बाहुल्या झोपतात.”

“बरं,” म्हणाले.

म्हणून हा माणूस बदलला असं कुणी समजू नये. तसबिरी आजही सरळ करतात. परवा माझ्या घरातलं कॅलेंडरही करून गेले, मी न सांगता. फरक एवढाच, झोपाळा माळ्यावरून खाली आला, आणि दुपारी दोघं एकाच साडीच्या दोन टोकांना बसून शिवतात, टीव्ही बघत. भावोजी मालिकेत इतके रमतात की सून सासूला काय म्हणाली ते मला रस्त्यात थांबवून सांगतात. त्यापेक्षा आधीचं बरं होतं की काय असं मला कधी कधी वाटतं.

श्रीविद्याबाईंनी त्यांना चेन्नईला भाषणाला बोलावलं होतं. अचूकपणाचा हट्ट सोडल्यावर मन कसं हलकं झालं, यावर वीस मिनिटं बोला म्हणाल्या. भावोजींनी फोनवर सांगितलं, “मी काही सोडलं नाही. कापड संपलं.” बाईंनी हेही वहीत लिहून घेतलं असेल.

गेल्या महिन्यात ते माझ्याकडे एक गोधडी घेऊन आले. नऊ दिवसांत शिवली म्हणाले, एकट्यानं. मी ती ओसरीत पसरून पाहिली. एक कोपरा जिभेसारखा बाहेर आलेला. मधे कापड गोळा झालेलं, त्यावर झोपलं तर पाठीत रुतेल. टाके कुठं चालले होते ते टाक्यांनाही ठाऊक नसावं. अक्काची सगळ्यात वाईट गोधडी हिच्यापुढे बरी.

“भावोजी, ही भिकार आहे,” मी म्हणाले.

“हो,” म्हणाले.

ते पुढे काही सांगतील म्हणून मी थांबले. त्यांनी खांद्यावरची रिकामी पिशवी उतरवली. “जुन्या साड्या आहेत का? सुती.”

दोन काढून दिल्या. दोरीवर वाळत घातलेल्या तिसरीला त्यांनी हात लावून पाहिला.

“ती मी अजून नेसते,” मी म्हणाले.

“मग नेस,” म्हणाले, आणि पिशवी उचलून गेले.